पिशवीतलं परकं रक्त

कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा. जुन्या भागात गांधी चमनला जिल्हा स्त्री रुग्णालय आहे. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण गावाच्या व्यापारी भरभराटीची; पण आज पाळण्याशी खरंखुरं नातं असलेली जागा शोधायची तर ती हीच. भोकरदन-जाफराबादपासून मंठा-परतूरपर्यंतच्या बाया बाळंतपणासाठी जालना गाठतात. सरकारी असो की खासगी, आपल्याकडच्या कुठल्याही बाळंतपणाच्या वॉर्डाबाहेर एक संवाद हमखास ऐकू येतो. सिझर पार पडलेलं असतं, बाळ रडलेलं असतं, बाईचा रक्तस्राव थांबलेला असतो. हिमोग्लोबिन साडेआठ. डॉक्टर म्हणतात, गोळ्यांवर भागेल. सासू म्हणते, ‘अंगात रक्तच नाही हो तिच्या. एक पिशवी चढवूनच टाका, ताकद येईल.’ आणि मागं उभा असलेला भाऊ बाही वर सारतो, ‘माझं घ्या ना साहेब, आमचा ग्रुप एकच आहे.’

डॉक्टरनं नाही म्हटलं की घरच्यांना वाटतं, गरिबाला टाळतायत. खासगी दवाखान्यात तर पेशंटच्या समाधानासाठी म्हणून पिशवी लागतेही. सासूची मागणी आणि भावाची तयारी, दोन्हींमागे माया आहे यात शंका नाही. पण दोन्ही मागण्यांवर वैद्यकानं गेल्या पन्नास वर्षांत जे शोधून काढलं, ते वॉर्डाच्या दारापर्यंत आलेलं नाही.

रक्ताबद्दल आपण दोनच प्रश्न विचारायला शिकलो. ग्रुप जुळतो का आणि रक्त निरोगी आहे का. पहिल्याचं उत्तर व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनरनं १९०१ मध्ये दिलं. त्यात एक मोलाची भर मुंबईनं घातली. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये अशा माणसांची नोंद केली, ज्यांच्या रक्ताला ‘ओ’ गटाचं रक्तही चालत नव्हतं. जगभर तो ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो आणि मुंबईचं नाव बदललं तरी त्याचं बदललेलं नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एचआयव्हीच्या भीतीनं घाईघाईनं शोधायला लावलं. १९९६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं देशात बंद झालं. आता प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, गुप्तरोग आणि मलेरिया अशी पाच अंगांनी तपासणी सक्तीची आहे.

तिसरा प्रश्न मात्र राहून गेला. ग्रुप जुळला, रोग नाही, पिशवी चढली. आता शरीर या परक्या रक्ताचं काय करतं?

रक्तपेढीतली माणसं ज्याला ‘पीसीव्ही’ म्हणतात, ती तांबड्या पेशींची पिशवी नावाप्रमाणे फक्त तांबड्या पेशींची नसते. देणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी तिच्यात असतातच, गाळल्या नाहीत तर शंभर-दोनशे कोटींच्या घरात. पांढरी पेशी म्हणजे देणाऱ्याच्या प्रतिकारशक्तीचा जिवंत तुकडा. तिच्या अंगावर त्याची ओळख कोरलेली असते. त्या अर्थानं रक्त चढवणं हे एक छोटं अवयवरोपणच आहे. मूत्रपिंड बसवताना आपण किती चाचण्या करतो, किती सह्या घेतो! रक्ताच्या बाबतीत एक क्रॉसमॅच आणि सुई.

मूत्रपिंडाचं नाव उगाच घेतलं नाही. या सगळ्या शोधाची सुरुवात तिथूनच झाली, तीही उलट्या बाजूनं. साठ-सत्तरच्या दशकांत डायलिसिसवरच्या रुग्णांना रक्त देणं डॉक्टर टाळू लागले होते. परक्या रक्तानं शरीर सावध होतं, प्रतिपिंडं तयार करतं आणि पुढे बसवलेलं मूत्रपिंड झिडकारतं, हा तर्क बिनतोड होता. १९७३ मध्ये लॉस एंजेलिसच्या गेरहार्ड ओपेल्झ आणि पॉल तेरासाकी यांनी नोंदी मांडल्या तेव्हा भलतंच दिसलं. ज्यांना आधी रक्त चढवलं होतं, त्यांचीच मूत्रपिंडं जास्त टिकत होती. (हे तेरासाकी म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाचे म्हणून अमेरिकेनं छावणीत डांबलेल्या मुलांपैकी एक. परकं कोण आणि आपलं कोण, हे शरीर कसं ठरवतं याचा अभ्यास त्यांनी पुढे जन्मभर केला.) सुरुवातीला कुणाचा विश्वास बसेना. मग आकडे जमत गेले आणि काही केंद्रांत रोपणाआधी मुद्दाम रक्त द्यायची पद्धतच पडली. ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन आलं, प्रतिकारशक्ती दाबायला नेमकं औषध मिळालं आणि ती पद्धत मागे पडली.

पद्धत गेली, प्रश्न राहिला. परकं रक्त शरीराचा विरोध मऊ करत असेल तर मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते वरदान. पण ज्याच्या पोटातली गाठ नुकतीच काढली आहे, एखादी चुकार कर्कपेशी मागे राहिली असेल, किंवा ज्याच्या टाक्यांवर जंतू टपून बसलेत, त्याचं काय? त्याला तर विरोध हवाच आहे.

१९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ही शंका छापून आली. पुढच्याच वर्षी न्यू यॉर्कच्या बरोज आणि टार्टर यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या नोंदी तपासून सांगितलं की शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त मिळालेल्यांमध्ये रोग उलटण्याचं प्रमाण जास्त दिसतं. मग अभ्यासांचा पूर आला. बहुतेकांत तेच: रक्त मिळालं त्यांचे टाके जास्त पिकले, न्यूमोनिया जास्त झाला, रोग जास्त उलटला.

इथं थांबून विचार करायला हवा, कारण अनेक डॉक्टरही इथंच घसरले. ज्या घरी डॉक्टरच्या फेऱ्या जास्त, त्या घरी मरणंही जास्त. म्हणून डॉक्टरच माणसं मारतो असं कुणी म्हणत नाही. रक्त कुणाला मिळतं? ज्याची गाठ मोठी, शस्त्रक्रिया लांबली, रक्त जास्त वाहिलं, जो आधीच खंगलेला होता, त्याला. त्याचे टाके पिकणं रक्तामुळे की मुळातल्या आजारामुळे? शिवाय शस्त्रक्रिया, भूल आणि वेदना यांनीही प्रतिकारशक्ती काही दिवस मंदावतेच. या गुंत्यातून सुटायचा एकच मार्ग, चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे गट पाडणं. नेदरलँड्समध्ये तसं केलं. आतड्याच्या कर्करोगाच्या एका गटाला परकं रक्त आणि दुसऱ्याला शस्त्रक्रियेआधी काढून ठेवलेलं स्वतःचं रक्त. १९९३ मध्ये निकाल छापून आला, तेव्हा रोग उलटण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. रक्त, मग ते स्वतःचं असो की परक्याचं, ज्यांना द्यावं लागलं त्यांची अवस्था न लागलेल्यांपेक्षा वाईट, एवढंच खरं. म्हणजे कर्करोगाचा आरोप सिद्ध झाला नाही. रक्त घेतलं म्हणून कर्करोग उलटतो, असं कुणी सांगू लागलं तर त्याला हा निकाल दाखवावा.

संसर्गाची बाजू मात्र इतकी सहज निकालात निघाली नाही. नेदरलँड्समध्येच हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या ९१४ रुग्णांवर चाचणी झाली, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली. काहींना नेहमीचं रक्त, काहींना पांढऱ्या पेशी फिल्टरनं गाळून काढलेलं. ६० दिवसांत नेहमीच्या रक्ताच्या गटात ७.८ टक्के दगावले. गाळलेल्या रक्ताच्या दोन गटांत ३.६ आणि ३.३ टक्के. रुग्ण सारखे, शस्त्रक्रिया सारखी, फरक फक्त पांढऱ्या पेशींचा. पुढच्या सगळ्याच चाचण्यांत फरक इतका ठळक दिसला नाही, काहींत दिसलाच नाही. कॅनडानं सगळ्या देशाचं रक्त गाळायला सुरुवात केल्यावर आधीच्या-नंतरच्या १४,७८६ रुग्णांच्या नोंदी ताडून पाहिल्या. रुग्णालयातले मृत्यू ७.०३ टक्क्यांवरून ६.१९ वर आले होते. अशा आधी-नंतरच्या तुलनेत इतर सुधारणांचंही श्रेय मिसळलेलं असतं, हे लक्षात ठेवलं तरी दिशा तीच.

शरीरात नेमकं काय होतं? देणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी घेणाऱ्याच्या रक्तात फिरू लागल्या की त्याच्या प्रतिकारशक्तीसमोर एकदम प्रचंड प्रमाणात परकी ओळख येते. अशा वेळी शरीर दर वेळी लढतंच असं नाही. बऱ्याचदा ते स्वतःला आवरतं. जंतू आणि कर्कपेशी मारणाऱ्या पेशींचा जोर उतरतो आणि लढाईला लगाम घालणाऱ्या पेशी व रसायनं वाढतात. दुसरी गोष्ट पिशवीच्या वयाची. तांबड्या पेशी २ ते ६ अंश तापमानात, पिशवीतल्या द्रावणानुसार ३५ किंवा ४२ दिवस ठेवता येतात. त्या काळात काही फुटतात, हिमोग्लोबिन आणि लोह बाहेर सांडतं, पांढऱ्या पेशी मरताना आपल्यातली रसायनं सोडतात. सुटं लोह बहुतेक जंतूंना आवडतं. म्हणून ताजंच रक्त द्या, असा आग्रह धरला जातो. पण गेल्या दशकात ताजं विरुद्ध जुनं अशा मोठमोठ्या चाचण्या झाल्या आणि मृत्यूंत फरक सापडला नाही. तेव्हा रक्तपेढीच्या खिडकीशी ‘कालचंच द्या’ म्हणून भांडण्यात अर्थ नाही.

ब्रिटननं १९९९ संपता संपता सगळंच रक्त गाळायला सुरुवात केली, तेही टाक्यांच्या काळजीनं नव्हे तर ‘मॅड काऊ’ रोगाच्या धास्तीनं. भारतात प्रत्येक पिशवी गाळण्याची सक्ती नाही. फिल्टरला पैसे पडतात आणि ते आपल्याकडे सहसा थॅलेसेमियाच्या मुलांसारख्या वारंवार रक्त लागणाऱ्यांसाठी राखून ठेवलेले असतात. माझ्या मते ते बरोबरच आहे. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पिशवीच मिळण्याची मारामार, तिथं आधी पिशवी, मग फिल्टर.

आता भावाकडे येऊ. बाही सारून उभा असलेला भाऊ म्हणजे प्रेमाची परिसीमा, आणि नेमकं तेच रक्त सगळ्यात धोक्याचं. ही गोष्ट जपाननं फार महागात शिकली.

जपानमध्ये १९५५ पासून एक विचित्र आजार नोंदला जात होता. शस्त्रक्रिया उत्तम व्हायची, रुग्ण सावरायचा आणि दहाएक दिवसांनी ताप भरून सगळं अंग लाल व्हायचं. मग जुलाब, यकृत बिघडणं, रक्तातल्या सगळ्या पेशी झरझर उतरणं. आणि जवळजवळ प्रत्येक जण दगावायचा. डॉक्टरांनी औषधांची ॲलर्जी, जंतू, सगळं तपासलं. नाव पडलं ‘शस्त्रक्रियेनंतरची लाली’. ऐंशीच्या दशकात उलगडा झाला. हृदयशस्त्रक्रियेसाठी ताजं रक्त हवं म्हणून घरच्यांचं रक्त घेण्याची तिथं पद्धत होती. आईबाप, मुलं, भावंडं यांची पेशींवरची ओळख बहुधा अर्धी किंवा त्याहून जास्त जुळते. कधी कधी ती अशी जुळते की घेणाऱ्याच्या शरीराला देणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी परक्या वाटतच नाहीत. ते त्यांना मारत नाही. पण त्या पेशींना मात्र घेणारा परका वाटतो. मग त्या तिथंच मुक्काम ठोकतात, वाढतात आणि त्याची त्वचा, आतडी, यकृत, शेवटी अस्थिमज्जा पोखरतात. १९८९ मध्ये जपानी डॉक्टरांनी देशभरातल्या हृदयशस्त्रक्रियांचा हिशेब छापला, तेव्हा साधारण ६६० रुग्णांमागे एकाला हा आजार झालेला निघाला. नव्वदहून अधिक टक्के मृत्यू असलेल्या आजारासाठी हा आकडा भयंकर आहे. जपानी समाज जनुकांनी एकमेकांच्या जवळचा, म्हणून तिथं धोका मोठा. पण रक्ताच्या नात्यात तो कुठंही वाढतोच, आणि मामा-भाचीच्या, मामे-आतेभावंडांच्या लग्नांच्या आपल्या मुलखात तर त्याचा विचार व्हायलाच हवा. फिल्टर इथं पुरा पडत नाही. पिशवीवर किरणोत्सर्गाचा मारा करून पांढऱ्या पेशींची वाढण्याची ताकदच मारावी लागते, आणि ती यंत्रं आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या मोजक्या केंद्रांत. जपाननं १९९८ पासून रक्त सर्रास किरणांखालून काढून पुरवायला सुरुवात केली आणि तो आजार तिथून हटला.

तेव्हा भावानं रक्त द्यावं, जरूर द्यावं, पण बहिणीसाठी नव्हे. त्याची पिशवी पेढीत जावी आणि बहिणीला दुसऱ्या कुणाची तरी यावी. ‘डोनर आणा’ म्हणणाऱ्या कर्मचाऱ्यानं हे एक वाक्य जास्त बोललं तर बिघडत नाही.

सासूच्या ‘ताकदी’चाही हिशेब झालेला आहे. हिमोग्लोबिन दहाच्या खाली गेलं की रक्त द्या, हा नियम १९४२ मध्ये ॲडम्स आणि लुंडी या दोन अमेरिकी डॉक्टरांनी आपल्या अनुभवावरून सुचवला आणि पन्नासेक वर्षं तो वेदवाक्य होऊन बसला. कॅनडात १९९९ मध्ये अतिदक्षता विभागातल्या ८३८ रुग्णांवर तो पारखून पाहिला गेला. एका गटाला दहाच्या खाली रक्त, दुसऱ्याला सातच्या खाली. कमी रक्त मिळालेले जास्त दगावले नाहीत. तीस दिवसांतले मृत्यू १८.७ टक्के, जास्त रक्तवाल्यांत २३.३, आणि हा फरक योगायोगाचाही असू शकतो इतपतच. मग २०११ मध्ये खुब्याचं हाड मोडलेल्या दोन हजार वृद्धांवर, ज्यांचं सरासरी वय ऐंशीच्या पुढे होतं आणि ज्यांना हृदयविकार होता किंवा त्याचा धोका होता, आठ आणि दहा या सीमा ताडून पाहिल्या. साठ दिवसांनी कोण जिवंत आणि कोण आपल्या पायांनी चालतंय, यात फरक पडला नाही. जास्तीची पिशवी म्हाताऱ्या माणसाला उठवून चालवत नाही, हे त्यावरून कळलं.

संसर्गाचं काय? २०१४ मध्ये १८ चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा राखून रक्त दिलेल्यांत गंभीर संसर्ग ११.८ टक्के, सढळ दिलेल्यांत १६.९ टक्के निघाला. २०२१ मध्ये ४८ चाचण्यांचा आणखी मोठा हिशेब झाला, त्यात संसर्गातला फरक जवळपास पुसला गेला. गाळलेलं रक्त आता बऱ्याच देशांत चालतं, हे त्याचं एक कारण असावं. पण त्याच हिशेबात एक गोष्ट पक्की झाली: राखून वागलं तर रक्त लागणाऱ्यांची संख्या चाळीसेक टक्क्यांनी घटते आणि मृत्यू वाढत नाहीत. म्हणजे अगदी सावध माणसाचा निष्कर्ष असा की जास्तीच्या पिशवीनं फायदा नाही, तोटा कदाचित आहे. आणि आपल्याकडचं रक्त बहुधा न गाळलेलं, म्हणून तो ‘कदाचित’ आपल्याला जास्त लागू.

याचा कुणी उलटा अर्थ काढू नये. बाळंतीण रक्तात न्हाऊन निघाली असेल, समृद्धी महामार्गावरच्या अपघातातला माणूस पांढराफटक पडला असेल, कारखान्यातला कामगार यंत्रात सापडला असेल, तर प्रतिकारशक्तीची चर्चा करायची नसते, रक्त द्यायचं असतं, ताबडतोब आणि लागेल तेवढं. रक्त वाहत असताना हिमोग्लोबिनच्या आकड्यावर विसंबणंही चूक, कारण तो आकडा उशिरा उतरतो. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्याला सातपर्यंत ताणणंही धोक्याचं ठरू शकतं. वाद आहे तो रक्तस्राव थांबलेल्या, शुद्धीवर असलेल्या, बाळाला पाजणाऱ्या साडेआठ हिमोग्लोबिनच्या बाईचा.

ती बाई साडेआठवर आली कशी, हा खरा जालन्याचा प्रश्न. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, आणि त्याआधीच्या सर्वेक्षणात ४८. म्हणजे गोष्ट सुधारली नाही, बिघडली. ऊसतोडीला गेलेली, कापूस वेचणारी बाई गरोदरपणात रोज एक याप्रमाणे १८० लाल गोळ्या घेईल अशी योजना आहे. गोळी पिशवीत मिळते आणि घरी फळीवर राहते, कारण ती घेतली की मळमळतं, शौच काळी होते आणि चहासोबत घेतली तर अंगी लागत नाही, हे सांगायला आशाताईंशिवाय कुणाला सवड नसते. गोळी नाही चालली तर शिरेतून लोह देता येतं, ग्रामीण रुग्णालयातही. पण ते वेळेवर. ब्रिटनमध्ये पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या काही दिवस ते काही आठवडे आधी शिरेतून लोह देऊन पाहिलं, २०२० मध्ये निकाल आला. रक्त लागण्याचं प्रमाण कमी झालं नाही. लोहाचं रक्त व्हायला वेळ लागतो, आणि बाळंतपणाला तर नऊ महिने मिळतात. सातव्या महिन्यात दुरुस्त न केलेलं हिमोग्लोबिन नवव्या महिन्यात पिशवीनं भरून काढायचं, ही आपली रूढ रीत.

रक्तस्राव आवरायचं एक स्वस्त हत्यारही आहे. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, १९६२ मध्ये जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या पती-पत्नींनी शोधलेलं. २०१७ मध्ये २१ देशांतल्या वीस हजार बाळंतिणींवरच्या चाचणीत दिसलं की तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू घटतात. न वाहिलेलं रक्त परत भरावं लागत नाही.

जालन्याचेच राजेश टोपे आरोग्यमंत्री असताना, डिसेंबर २०२० मध्ये, सरकारी रुग्णालयांत रक्त मोफत देण्याची घोषणा झाली. चांगलीच गोष्ट. पण पिशवी मोफत झाली की ती लागतेच का, हे विचारायची सवयही सोबत लागायला हवी. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात ज्या दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांत जालन्याचं एक आहे. आता संभाजीनगरच्या ‘घाटी’ रुग्णालयाकडे बोट दाखवायचं कारण उरलं नाही. किती हिमोग्लोबिनवर रक्त दिलं, एक पिशवी दिली की दोन, पहिलीनंतर पुन्हा तपासलं का, आणि ज्यांना दिलं त्यांतल्या कितींचे टाके पिकले, एवढी चार रकान्यांची वही जिल्ह्यातल्या प्रत्येक शस्त्रक्रियागृहात ठेवायला फिल्टरही लागत नाही आणि यंत्रही.

घरच्यांसाठी एवढंच. डॉक्टर रक्त चढवायचं म्हणाले तर ‘रक्तस्राव चालू आहे का, आणि एका पिशवीनंतर पुन्हा बघाल का?’ असं विचारा. डॉक्टर नको म्हणाले तर आग्रह धरू नका. आणि वय अठराच्या पुढे, वजन पंचेचाळीस किलोहून जास्त आणि हिमोग्लोबिन साडेबारा असेल, तर पुरुषांनी तीन महिन्यांनी, स्त्रियांनी चार महिन्यांनी रक्त द्या. एप्रिल-मेमध्ये, कॉलेजं बंद असताना आणि शिबिरं आटलेली असताना, नक्की द्या.